दसऱ्यापर्यंतचं पोट

गुरुपौर्णिमेच्या सकाळी गुणवंतभाईंनी जे बोलायचं ते बोलून टाकलं, आणि तेही पेढा हातावर ठेवता ठेवता.

"समरभाई, वाईट नका वाटून घेऊ. पण आपल्या सकाळच्या तुकडीत पोरं किती राहिली?"

"अकरा," समरजित म्हणाला.

"अकरा. आणि तिकडे रेसकोर्सला नवी जिम झाली, तिथे आत शिरायला जागा नाही."

समरजित जगताप हातातल्या पेढ्याकडे बघत राहिला. वय सेहेचाळीस. बडोद्याजवळ छाणीला पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता, पण ती नोकरी झाली. पहाटे साडेपाच ते सात नागरवाड्यातल्या या आखाड्यात मुलांकडून दंड-बैठका घालून घेणं, मुद्गल फिरवायला शिकवणं, मल्लखांबावर चढवणं, हे त्याचं खरं काम. त्याआधी हे वडिलांनी केलं होतं, आणि वडिलांच्या आधी फौजेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी. अकरा पोरं होती हे खरं, पण त्या अकरांची नावं, त्यांचे गुडघे, त्यांची भीती त्याला पाठ होती.

गुणवंतभाई आखाड्याचे ट्रस्टी. प्लायवुडचे व्यापारी, मनाने वाईट नाहीत. त्यांचा विचार असा होता, की नाक्यावर नवा बोर्ड लावायचा. मोठा, आतून दिवे असलेला. त्यावर शिकवणाऱ्याचा फोटो, उघड्या अंगाचा.

"आईबाप पोराला घालायच्या आधी बोर्ड बघतात. जे देखाय ते ज वेचाय, दिसेल तेच खपेल," ते म्हणाले. "आणि तुमचं पोट, समरभाई, कसं सांगू..."

"मी अजून एका दमात तीनशे दंड काढतो, गुणवंतभाई."

"ते मला ठाऊक. बोर्डाला ठाऊक नाही ने!"

मग त्यांनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. देवेंद्रचा. देवेंद्र म्हणजे दहा वर्षांपूर्वी याच मातीत लोळलेला मुलगा, आता जिममध्ये ट्रेनर. कुठल्यातरी स्पर्धेच्या स्टेजवर तो तेल लावून उभा होता आणि त्याच्या पोटावर फरशी बसवल्यासारखे सहा चौकोन होते. प्रत्येक चौकोन वेगळा, मधल्या भेगा स्पष्ट.

"दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की फोटोवाला बोलावतो. तुमचं पोट असं दिसलं तर बोर्ड तुमचा, तुकडी तुमची. नाही तर बोर्डही देवेंद्रचा, तुकडीही देवेंद्रची. न्यायाचं बोललो ने?"

समरजितच्या मनात दोन-तीन प्रश्न आले. पण समोरचा माणूस बोलत असला की त्याचे प्रश्न रांगेत मागे मागे जात, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. तो नुसतं "बरं" म्हणाला. गुणवंतभाईंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पेढ्यांचा खोका पुढच्या माणसाकडे सरकवला.

घरी येऊन त्याने न्हाणीघराच्या आरशात स्वतःचं पोट पाहिलं. इतकी वर्षं त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. पोट सुटलेलं नव्हतं. ते घट्ट होतं, गोल होतं, रांजणासारखं. मुठीने मारलं तर मूठ दुखली असती. पण त्यावर एकही रेघ नव्हती. श्वास सोडला, आवळला, वाकून बघितलं, कडेने बघितलं. रांजण तो रांजणच.

संध्याकाळी तो देवेंद्रकडे गेला. जिममध्ये गाणी मोठ्याने लागली होती, म्हणून त्याला आपलं म्हणणं तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा नेमकं गाणं थांबलं.

"मला पोटावर कट्स पाहिजेत!"

ट्रेडमिलवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. देवेंद्र मात्र हसला नाही. आदराने वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली.

"कशासाठी दादा? कुणाच्या लग्नात जायचंय?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण तुझ्याशी माझी शर्यत लागलीय, हे स्वतःच्या चेल्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? "असंच. तब्येतीसाठी," तो म्हणाला.

देवेंद्रने प्लास्टिकचा चिमटा आणून त्याच्या कमरेजवळची कातडी पकडली, आकडा वाचला, पुन्हा पकडली.

"दादा, मसल तुमचे भरपूर आहेत. माझ्यापेक्षा जास्त. फक्त वरती गादी आहे. गादी काढायची."

"आणि ती कशी काढायची?"

"जेवणातून. पोटाचे व्यायाम हजार करा, गादी हलणार नाही. ती ताटातूनच जाते."

मग त्याने कागदावर लिहून दिलं. साखर, गूळ बंद. तेल दिवसाला तीन चमचे. सकाळी अंड्यांचे सहा पांढरे, दुपारी डाळ, दही, काकडी आणि एकच पोळी, रात्री कोंबडी किंवा पनीर, तेही तोलून. आठवड्यातून चार दिवस वजनं, रोज तासभर चालणं, आणि आठ तास झोप. "बारा आठवडे नीट केलंत तर दिसेल," देवेंद्र म्हणाला. समरजितने मनातल्या मनात मोजलं. दसऱ्याला बरोबर बाराच आठवडे होते.

घरात पहिला खटका उडाला तो वजनकाट्यावरून. पोळी काट्यावर ठेवलेली पाहून मथुराबाई, त्याची आई, देवघरातूनच ओरडली, "अरे, अन्न तोलून खातोस? सोनाराच्या घरी दत्तक गेलायस का?"

"आई, बारा आठवडे फक्त."

"तुझे वडील चारशे दंड काढून शेरभर दूध प्यायचे, वरून बदाम. त्यांनी कधी पोळीला वजन विचारलं नाही."

"त्यांना बोर्ड नव्हता लावायचा," शलाका स्वयंपाकघरातून म्हणाली. शलाका त्याची बायको. ती बाजू कुणाची घेते ते बोलून होईपर्यंत कळत नसे. "आणि दर रविवारी ह्यांच्या पोटाचे फोटो मी काढायचे म्हणे. लग्नात एक नीट फोटो काढून घेतला नाही ह्या माणसाने."

तिने फोटो काढले मात्र इमानाने. रविवारी सकाळी, खिडकीजवळ, त्याच उजेडात. पहिल्या चार रविवारी फरक काही नव्हता, पाचव्याला तर अजिबातच नव्हता.

"रेघ दिसते का?"

"बनियनची दिसते."

अंड्यांचं वेगळंच होतं. सोसायटी सगळी शाकाहारी, खालच्या मजल्यावरच्या उषाबेन तर कचऱ्याच्या पिशवीवरून घराची कुंडली मांडणाऱ्या. म्हणून समरजित अंड्यांची टरफलं रिकाम्या डब्यात भरून छाणीच्या कारखान्यात नेई आणि तिथल्या पिंपात टाकी. पिवळे बलक कारखान्यातल्या कुत्र्याला. पंधरवड्यात कुत्र्याच्या अंगावर तुकतुकी आली. समरजितच्या अंगावर आली ती चिडचिड. लेथवरच्या माणसावर तो विनाकारण खेकसला, आणि मग तासभर त्याच्याच मागे चहा घे म्हणून फिरला. रात्री झोप लागेना. डोळे मिटले की पुरणपोळी दिसे. पहाटे मुलांना दंड मोजून देताना आकडे चुकू लागले. "सर, बावीस दोनदा झाले," असं एका मुलीने हळूच सांगितलं तेव्हा त्याला आपलीच लाज वाटली. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्याकडेच लक्ष लागत नव्हतं.

पण माणसाशी, भुकेशी लढता येतं. लढता येत नाही ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी. श्रावण लागला आणि अंडी घरातून हद्दपार झाली. त्याने मूग आणि पनीरवर दिवस काढले. श्रावण संपतो न संपतो तोच गणपती आले, आणि मोदक न खाणारा यजमान आजवर कुणी पाहिलेला नाही. त्याने रोज एकच खाल्ला, पण दहा दिवसांचे दहा झाले. मग पितृपक्ष. वडिलांच्या तिथीला खीर, वडे, तूप. त्या पानावर बसून "मला तेल तीन चमचे" असं म्हणायची त्याची छाती झाली नाही. पादरा गावातल्या चुलतभावाकडे, राजवर्धनकडे, काकांचं श्राद्ध. तिथे वाढणाऱ्या वहिनींनी विचारलं, "काय भावजी, डॉक्टरने काही सांगितलंय का? चेहरा किती उतरलाय!" चेहराच उतरला होता. पोट जागच्या जागी होतं.

तरीही तो हटला नाही. एक दिवस मोडला की दुसऱ्या दिवशी दोन तास चालला. चौऱ्याऐंशी किलोंचा शहात्तरवर आला. सर्वपित्रीच्या दिवशी, रविवारच होता, शलाकाने मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि खाली घेतला. पुन्हा धरला.

"थांबा. जरा उजेडाकडे वळा. अहो... चार आहेत."

"काय चार?"

"चौकोन! वरचे चार. खालचे दोन अजून गाढवासारखे झोपलेत."

समरजितने फोटो पाहिला. खरंच होतं. पुसट, पण होतं. ओल्या वाळूवर बोटाने ओढावी तशी मधली रेघ आणि आडव्या दोन. तो खुर्चीवर बसला आणि कितीतरी वेळ नुसता हसत राहिला. शलाकालाही त्या माणसाची दया आली असावी, कारण तिने त्याला त्या दिवशी टोमणा मारला नाही.

आणि इथेच त्याने घोडचूक केली.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. जगतापांच्या घरी वडील गेल्यापासून घटाला समरजित बसत असे: नऊ दिवस उपास, दाढी नाही, पायात चप्पल नाही. मथुराबाई स्वतःहून म्हणाली होती, "ह्या वर्षी तुझं ते काय चाललंय, तर राजवर्धनला बसू दे. पादऱ्याहून येईल तो. देवीला माणूस पाहिजे, तूच पाहिजेस असं नाही."

पण समरजितला वाटलं, नऊ दिवस उपास! देवीच धावून आली म्हणायची. राहिलेले दोन चौकोन नऊ दिवसांत दिसतील, आणि दहाव्या दिवशी फोटो. याहून चांगला योग कोणता? त्याने देवेंद्रला मोबाइलवर कळवलं, "नऊ दिवस उपास आहे." देवेंद्र गरब्याच्या पासांमागे धावत होता. त्याने नुसता अंगठा पाठवला.

उपास म्हणजे न खाणं, हे समरजितने गृहीत धरलं होतं. सेहेचाळीस वर्षं ज्या घरात जेवला त्या घराची, स्वतः दरवर्षी पाळलेली रीत तो त्या दिवशी साफ विसरला. जगतापांच्या घटाला दोन वेळा फराळाचा नैवेद्य लागतो, आणि घटाला बसलेल्या माणसाने तो ताटात काही न ठेवता संपवायचा असतो. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट भरपूर. रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी तुपातले बटाटे, रताळ्याचे गोड काप. तिसऱ्या दिवशी शिंगाड्याचा शिरा आला तेव्हा त्याने अर्धा बाजूला सारला.

"हे काय?" मथुराबाई म्हणाली.

"पुरे झालं, आई."

"देवीच्या ताटात उष्टं टाकतोस? मी म्हणत होते राजवर्धनला बोलवू. तेव्हा कोण म्हणालं, मीच बसणार?"

तो शिरा त्याने खाल्ला. त्याला खरं तर रडू येत होतं, पण शिरा चांगला झाला होता, आणि याचा त्याला जास्तच राग आला.

निदान व्यायाम वाढवू म्हणून तो जिममध्ये गेला, तर दारावरच्या मुलीने त्याच्या अनवाणी पायांकडे बोट दाखवलं. "सर, शूज विना अंदर नहीं जा सकते." तो नवरात्राचं समजावून सांगू लागला, तिने मान डोलावली, हात जोडले, पण आत सोडलं नाही. आखाड्याच्या मातीत दंड काढायला गेला तर साबुदाणा पोटात दगडासारखा बसलेला.

पाचव्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर तो छाणी नाक्यावरच्या आमलेटच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभा राहिला. कुणी ओळखीचं नव्हतं. चार उकडलेली अंडी, पांढरं तेवढं, दोन मिनिटांचं काम. देवीला काय कळणार होतं? आणि कळलं तरी तिने काय केलं असतं? त्याने हात वर केला. लारीवाल्याने वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे जगतापभाई! तमारे तो नवरात्रि ने? उघडे पाय दिसतात. आमच्या गल्लीतला पोरगा तुमच्या आखाड्यात येतो, तो सांगतो, सर खूप कडक पाळतात." मग तो जरा घुटमळला. "काय देऊ?"

"काही नाही. रस्ता ओलांडत होतो," समरजित म्हणाला, आणि खरंच रस्ता ओलांडून पलीकडे गेला. स्कूटर अलीकडे होती. ती आणायला त्याला पुन्हा लारीवरूनच यावं लागलं.

सातव्या दिवशी रविवार होता. शलाकाने मोबाइल धरला, आणि फोटो न काढताच ठेवून दिला. तो काट्यावर उभा राहिला. काटा एकोणऐंशी म्हणत होता.

दसऱ्याला आखाड्यात झेंडूची तोरणं होती, तलवारी-भाले धुऊन पुसून पाटावर मांडले होते. शस्त्रपूजन झालं, आपट्याची पानं वाटली गेली, आणि बडोद्यात दसऱ्याला जे चुकत नाही ते, फाफडा आणि जिलेबी, टोपल्या भरून आली. फोटोवाल्याने भिंतीला काळा पडदा लावला. समरजितने सदरा काढला.

नऊ दिवसांची दाढी, दमलेले डोळे, आणि त्याखाली गुळगुळीत गोल पोट. फोटोवाल्याने दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. "साहेब, जरा आवळा. अजून. श्वास सोडू नका." समरजित श्वास धरून उभा राहिला. कानशिलं तापली. अकरापैकी नऊ मुलं समोर बसली होती आणि जिलेबी खायची थांबून आपल्या सरांकडे बघत होती.

"बस, बस," गुणवंतभाई हळूच म्हणाले. त्यांनाही बघवलं नाही. "तुम्ही मेहनत केली, समरभाई. मी बघितलं. पण बोलल्याप्रमाणे..." त्यांनी देवेंद्रला हाक मारली. "ये दीकरा. काढ टीशर्ट. तुझा फोटो काढू."

देवेंद्र हातातला फाफडा घेऊन उभा होता. "माझा? कशाला?"

"बोर्डावर. उद्यापासून सकाळची तुकडी तुझी."

"माझी? काका, मला कुणी विचारलंच नाही!"

"आता विचारतो ने."

"मला सकाळी कसं जमेल? साडेपाच ते दहा माझे जिममध्ये क्लायंट असतात. सगळे ठरलेले. आणि फोटो..." देवेंद्र लाजला. त्याने टीशर्ट जरा वर केला. पोट सपाट होतं, तरुण होतं, पण चौकोन एकही नव्हता. "तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा. स्पर्धेआधी तीन दिवस पाणी बंद केलं होतं. फोटोनंतर चक्कर येऊन पडलो. ते काय रोज थोडंच असतं, दादांना माहीत आहे." तो समरजितकडे वळला. "म्हणजे, तुम्हाला सांगायला पाहिजे होतं का? तुम्ही तर तब्येतीसाठी म्हणालात."

समरजित सदरा हातात धरून उभा होता. बारा आठवडे. अंड्यांची टरफलं, कुत्रा, पितरांचं पान, शिंगाड्याचा शिरा. एका वाक्यात विचारता आलं असतं. गुरुपौर्णिमेलाच. याला सकाळी जमतं का? एवढंच. त्याने विचारलं नव्हतं, गुणवंतभाईंनीही नव्हतं.

"गुणवंतभाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका चढला की मुलं दचकली. "फोटो याचाच लावा. तो जुना. मला नका विचारू. तुकडी माझ्याकडे राहील."

"पण आईबाप विचारतील, फोटोतला माणूस कुठे?"

"विचारू देत! मी सांगेन काय सांगायचं ते."

गुणवंतभाईंनी दोघांच्या पोटांकडे आळीपाळीने पाहिलं, हिशेब जुळत नाही असं तोंड केलं, आणि जिलेबी उचलली. "चालेल. दिवाळीपर्यंत बघू. दुसरा कोण आहे आता?"

तुकडी अशी राहिली. जिंकून नव्हे, घेणारा कुणी नव्हता म्हणून. घरी मथुराबाईने पुरणपोळी वाढली, त्याने चार खाल्ल्या, आणि एकीचीही चव लागली नाही.

बोर्ड कोजागरीच्या आत लागला. नाक्यावर, आतून दिवे, त्यावर दोन वर्षांपूर्वीचा देवेंद्र. नवी सात मुलं आली, हेही खरं. पहिल्याच दिवशी एका मुलाच्या आईने विचारलं, "सर, ते बोर्डवरचे सर कधी येतात?"

"ते येत नाहीत. मीच असतो."

"अच्छा," ती म्हणाली, आणि तिची नजर शिष्टाचाराने त्याच्या पोटापर्यंत न उतरता छातीवरच थांबली.

समरजितने त्यावर काही उत्तर तयार केलं होतं. दोन-तीन तयार केली होती, सगळी चांगली होती. पण ती बाई मुलाच्या बुटांची नाडी सोडायला वाकली, आणि पलीकडे मुलांनी दंड मोजायला सुरुवातही केली. तो मातीत उतरला.

आता रोज पहाटे सव्वापाचला तो स्कूटरवरून नाक्यावर वळतो. बोर्डाचे दिवे लागलेले असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वर बघायचं नाही असं त्याने ठरवलंय, आणि तो बघतही नाही. पण बोर्डाखालून जाताना त्याचं पोट आपोआप आत जातं, आणि आखाड्याचं फाटक येईपर्यंत तो श्वास सोडत नाही.